गुंजभर उत्साह

पहाटे उठणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे फार चांगलं बोललं जातं. तो उद्योगी असतो, त्याच्या अंगात रग असते, त्याला म्हणे स्वस्थ बसवतच नाही. स्थळाच्या चौकशीतल्या ‘मुलगी कामसू आहे’पासून शोकसभेतल्या ‘शेवटपर्यंत हिंडते-फिरते होते हो’पर्यंत सगळा जन्म या एका गुणावर तोलला जातो. उलट ‘अंमळ टेकते’ म्हणणाऱ्या बाईसाठी मराठीने किती तरी विशेषणं राखून ठेवली आहेत, आणि ती वापरताना कुणाला फारसा विचार करावा लागत नाही. उत्साह म्हणजे शील, आळस म्हणजे संस्कारांतली उणीव, असा हा जुना, सरळ हिशेब. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांपासून व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या पाट्यांपर्यंत तो बिनतक्रार चालत आला आहे. मला तो नव्याने मांडावा लागला, कारण माझा उत्साह औषधाच्या दुकानात मिळतो.

रोज 75 मायक्रोग्रॅम. गोळी दिसायला तशी नीटस असते, पण तिचा जवळजवळ सगळा देह म्हणजे औषध चिमटीत धरता यावं म्हणून घातलेली भुकटी. खरं औषध त्यात एवढंसं की सोनाराच्या काट्यालाही दखल घ्यावीशी वाटणार नाही. एक गुंज म्हणजे साधारण 120 मिलिग्रॅम. या हिशेबाने गुंजभर औषध मला चार वर्षांहून अधिक पुरतं. तोळाभर घेऊन ठेवलं तर चारशे वर्षांची निश्चिंती. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळी सुरू केलं असतं, तरी आज डबीच्या तळाशी थोडं उरलं असतं. एवढ्याशा द्रव्यावर माझं उठणं, वेणी घालणं, लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवणं, वाण्याशी हुज्जत घालणं आणि टेकडी चढणं चालतं. ते नसेल तर ही सगळी कामं एकामागून एक मंदावत जातात, भर उन्हाळ्यात अंगावर शाल येते, आणि लोक म्हणू लागतात, ‘हल्ली ती काही मनावरच घेत नाही.’

हे द्रव्य तयार करणारी थायरॉइड ग्रंथी गळ्यात बसते, कंठाच्या जरा खाली, श्वासनळीला बिलगून. वजन अवघं 15-20 ग्रॅम. 1656 साली लंडनच्या टॉमस व्हार्टन नावाच्या डॉक्टरांनी तिला नाव दिलं, पण ती नेमकं करते काय, हे काही त्यांना उमगलं नाही. गळ्यातल्या मोकळ्या जागा भरून काढून त्याला गोलाई आणणं हे तिचं एक काम असावं, आणि बायकांत ती मोठी असते म्हणून त्यांचा गळा अधिक शोभतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे थोडक्यात, निसर्गाने जन्मतःच घातलेली ठुशी! मला हा तर्क फार आवडतो. ज्या जिनसेवर सगळ्या देहाची लगबग टांगलेली आहे, ती केवळ मिरवण्यासाठी असावी असं एखाद्या विद्वानाला वाटावं, यात विद्वत्तेइतकीच रसिकताही आहे.

माझी ठुशी माझ्याच शिपायांनी लुटली. बाहेरच्या रोगजंतूंशी लढायला ठेवलेले पहारेकरी कधी कधी घरच्याच माणसाला चोर समजतात आणि वर्षानुवर्षं त्याला झोडपत राहतात. त्यातला हा प्रकार. अशा ग्रंथींचं वर्णन जपानच्या हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यविशारदाने 1912 मध्ये एका जर्मन नियतकालिकात केलं. चार बायकांच्या ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. पुढे तो आपल्या गावी परतला, तिथेच साधी डॉक्टरकी करत राहिला आणि 1934 मध्ये विषमज्वराने गेला. आपलं नाव जगभरच्या बायकांच्या फायलींवर चढणार आहे, याचा त्याला पत्ताही नव्हता. माझ्या फाईलवर ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा एखाद्या दूरच्या, भिडस्त सोयऱ्याची ओळख निघावी तसं वाटलं.

रक्ताचा रिपोर्ट मात्र या सगळ्याची गोष्ट उलट बाजूने सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी असते. ती थायरॉइडची वरिष्ठ अधिकारी. खालून काम कमी आलं की ती एक स्मरणपत्र काढते. त्या स्मरणपत्राचं नाव टीएसएच. तरीही काम येईना म्हटल्यावर दुसरं पत्र, तिसरं, मग ‘प्रस्तुत प्रकरणी तात्काळ’ अशा सुरातली आणखी. खालच्या टेबलावर काम जितकं कमी, तितकी वरून पत्रं जास्त. साधारण चारच्या आत असायला हवा तो आकडा माझ्या रिपोर्टात 38 होता. आमच्या घरात आकडा वाढला की कौतुक करायची रीत. ‘वाढलाय म्हणजे बरंच आहे ना?’ चष्मा कपाळावर सरकवत यांनी विचारलं. गोळी सुरू झाल्यावरही हा पत्रव्यवहार लगेच थांबत नाही. रक्तातलं औषध निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो, इतकी त्याची स्वतःची चाल धिमी. आणि वरच्या कचेरीची खात्री पटायला सहा ते आठ आठवडे. त्याआधी पुन्हा रक्त तपासण्यात अर्थ नसतो. थोडक्यात, ज्या रोगाने माणूस सावकाश होतो, त्याचं औषधही सावकाशच वागतं. घराण्याची रीत म्हणतात ती ही.

निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितलं. पाठीला हात धरून मी नवस बोलायला बसल्यासारखी बसले. पावलं मागे अधांतरी. त्यांनी टाचेच्या वरच्या दोरीसारख्या शिरेवर रबरी हातोडी टक्‌कन मारली. पाऊल उडालं ते अगदी वेळेवर, पण जागेवर परतताना मात्र ते वाटेत कुणाशी तरी बोलत थांबल्यासारखं रेंगाळलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. शेजारच्या खोलीतून त्यांनी एका शिकाऊ डॉक्टर मुलीला हाक मारली. ‘ये, हे बघ. पुस्तकात असतं ना, अगदी तस्सं.’ पुन्हा टक्. पुन्हा पावलाची ती निवांत घरवापसी. माझ्या कुठल्याही अवयवाचं इतकं मनापासून कौतुक लग्नाच्या वेळीही झालं नव्हतं. रक्ताच्या तपासण्या आजच्यासारख्या हाताशी नव्हत्या, तेव्हा पाऊल परतायला लागणारा हा वेळ यंत्राने मोजून थायरॉइडचा अदमास घेत असत, असं त्यांनी त्या मुलीला सांगितलं. स्नायू आकसतो झटकन, पण सैल व्हायला वेळ घेतो. माझ्या पोटऱ्यांत रात्री येणारे गोळे, जिना उतरताना भरून येणाऱ्या मांड्या, सकाळी न वळणारी बोटं या सगळ्यांची एकाच हातोडीने ओळख परेड झाली.

त्याच सुमारास, वजन वाढतंय म्हणून घरच्यांच्या आग्रहाने मी एका जिममध्ये नाव घातलं होतं. तिथला मुलगा मोठा लाघवी होता. ‘काकू, मनात आणलं ना, की सगळं होतं,’ असं तो दर दोन मिनिटांनी म्हणे, आणि पट्ट्याचा वेग एकेका टिचकीने वाढवी. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या वयाला आणि त्याच्या ग्रंथीला ते वाक्य शोभूनच दिसत होतं. पण माझा प्रश्न मनात नव्हता, मनाच्या वीतभर खाली होता. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी हातोडी खणात ठेवली आणि म्हणाले, ‘सध्या चाला. नुसतं चाला. कुणी पळायला सांगितलं तर माझं नाव सांगा.’ मग त्यांनी जे समजावलं त्याचं सार असं, की थायरॉइड मंद असताना हृदयही मंद असतं. ते हळू ठोके देतं, रेटा कमी लावतं, आणि मागणी अचानक वाढली तर त्याची तारांबळ होते. स्नायूंना झीज भरून काढायला जास्त वेळ लागतो, म्हणून आजच्या व्यायामाचं दुखणं परवापर्यंत मुक्कामाला असतं. तेव्हा आधी गोळीला तिचे आठवडे द्यायचे. तोवर सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं. मग थोडी वाढ, मग त्या वाढीची सवय, मग पुन्हा थोडी वाढ. हृदयाचं दुखणं आधीच असेल, वय झालेलं असेल, तर डॉक्टर औषधसुद्धा अगदी कमी मात्रेने सुरू करून हळूहळू चढवतात. तिथे व्यायामाची काय कथा! छातीत दडपण, धाप, घेरी, धडधड यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबायचं आणि कळवायचं. ‘लाजायचं नाही,’ असंही ते म्हणाले. मला वाटतं, वैद्यकातलं सर्वांत कमी पाळलं जाणारं पथ्य हेच असावं.

तर मी चालू लागले, आणि त्याचं श्रेय माझ्या निश्चयाला नसून चहाला आहे. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर चहा, कॉफी, नाश्ता यांना अर्धा ते एक तास दूर ठेवायचं; कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्यांना तर चांगलं चार तास. आता डोळा उघडल्यापासून चहाच्या कपापर्यंत तासाचं अंतर ही गोष्ट पुण्यात सक्तमजुरीच्या कलमाखाली यायला हवी. घरात बसलं की ओट्यावरून यांच्या चहातल्या आल्याचा वास येतो आणि घड्याळाचे काटे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाहुणे जातात. म्हणून मी तो तास पर्वतीला देऊन टाकला. चहाची वाट पाहायला घरापेक्षा टेकडी बरी. तिथे निदान वास तरी पोचत नाही.

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. वरचं देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं. पायऱ्या दगडी, रुंद, किंचित उतरत्या. एका पावलात न मावणाऱ्या आणि दोन पावलांना जरा तोकड्या पडणाऱ्या. हत्ती चढायचे म्हणून त्या अशा ऐसपैस बांधल्या, असं सांगतात. हत्तीच्या मापाच्या जिन्यावर मंद चालीच्या बाईला आपण योग्य ठिकाणी आल्यासारखं वाटतं. जुन्या संस्कृत कवींनी गजगामिनी म्हणून जिची जिची स्तुती केली, तिचा तिचा टीएसएच कुणी काढला नव्हता, असा संशय मला पहिल्यांदा तिथेच आला. भारावलेली चाल, जड पापण्या, शब्दांमधला तो दीर्घ विराम! काव्यशास्त्राने ज्याला लावण्य म्हटलं, त्यावर एंडोक्रायनॉलॉजिस्टने चिठ्ठी लिहून दिली असती.

सुरुवातीला मी पायथ्याशीच फिरत असे. अंग गरम व्हायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. डिसेंबरातल्या पुण्यात तर स्वेटर, कानटोपी, वर शाल अशी मी सिमल्याला निघाल्यासारखी दिसते, आणि सांधे कुरकुरायचे थांबेपर्यंत त्यातलं काही काढत नाही. मग पहिल्या वळणापर्यंत, मग त्याच्या पुढच्या कठड्यापर्यंत. दरम्यान पर्वतीची नित्याची मंडळी माझ्या अंगावरून जात-येत असत. एक गृहस्थ उलटे चढतात, म्हणजे तोंड शहराकडे आणि पाठ देवाकडे. दोघी मैत्रिणी सुनांविषयी बोलत इतक्या वेगाने चढतात की वाटावं, सुना मागून येताहेत. आणि एक निवृत्त काका मनगटावर चौकोनी घड्याळ लावून असतात. ते घड्याळ त्यांच्या पेन्शनीखेरीज सगळं जाणतं. एकदा त्यांनी मोठ्या मायेने माझी नाडी त्यात मोजली. 220 मधून वय वजा करायचं, त्याच्या इतके टक्के यायला हवेत, असा त्यांचा हिशेब; आणि माझे ठोके काही त्या रकमेपर्यंत पोचेनात. ‘वहिनी, तुम्ही कष्टच घेत नाही,’ ते हळहळले. कपाळावरून घाम गळत होता, मांड्या थरथरत होत्या, आणि घड्याळाच्या मते मी अजून घरी झोपले होते.

हा आकडा माझ्यासारखीच्या कामाचा नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मंद नाडीला आकड्यांच्या मागे पळवण्यात नुकसानच होतं. त्याऐवजी त्यांनी दिलेली कसोटी सोपी आहे: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता येत असेल तर पावलं उचला. बोलताही येत नसेल तर थांबा. माझी अडचण एवढीच की मला पायथ्याशीसुद्धा गाता येत नाही. त्यामुळे गाण्याची बाजू मी एका मैत्रिणीवर सोपवली आहे. ती चढताना भूप गुणगुणते, मी तिला गावातल्या बातम्या सांगते, आणि दोघींपैकी जी आधी गप्प होते तिच्यासाठी कठड्याशी थांबायचं, असा आमचा करार आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. दीडशे हा आकडा ऐकून मी दचकले होते. पण संघटनेने ती मिनिटं सलग मागितलेली नाहीत, आणि कठड्याशी थांबण्याबद्दल तिचा कुठेही आक्षेप नाही. ताकदीचं काम म्हणून मी हल्ली एका दिवसाआड पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते. मधला दिवस स्नायूंचा रविवार.

वजनाची गोष्ट मात्र थोडी नाजूक आहे. थायरॉइड सापडला तेव्हा मला आत कुठे तरी आनंद झाला होता, की चला, गुन्हेगार मिळाला. पण या मंदपणामुळे वाढणारं वजन साधारणपणे दोन ते पाच किलो, आणि त्यातही बरंचसं मीठ-पाणी साचल्याचं, असं डॉक्टरांनी अगदी हळुवारपणे सांगितलं. उरलेले किलो स्वकष्टार्जित. त्यांच्यावर माझा कायदेशीर हक्क आहे आणि श्रीखंडाच्या पावत्या माझ्याकडे आहेत. पर्वतीवर भेटणारी एक बाई मात्र वेगळ्या वाटेने निघाली होती: बारीक व्हायला म्हणून ती आपल्या मनाने एकाऐवजी दोन गोळ्या घेई. ती बारीक झाली की नाही कुणास ठाऊक, पण हात कापू लागले, झोप उडाली आणि छातीत पाखरं फडफडू लागली तेव्हा तिला तिच्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं. गरजेपेक्षा जास्त झालेलं हे द्रव्य हृदयाचा ताल बिघडवतं आणि हाडं पोखरतं. उत्साहाचंही अजीर्ण होतं, हे सुविचारांच्या फळ्यावर कुणी लिहीत नाही.

सल्ले तर विचारू नका. धन्याचं पाणी प्या. कोबीकडे पाहूही नका. सर्वांगासन करा, म्हणजे ग्रंथीला रक्तपुरवठा होऊन ती जागी होते आणि गोळी सुटते. नेहमीच्या प्रमाणात शिजवून खाल्लेल्या कोबीने काही बिघडत नाही. आणि सर्वांगासनाने बंद पडलेला कारखाना सुरू होतो याला भरवशाचा पुरावा नाही. आसनांनी अंग मोकळं होतं, मन निवतं, झोप लागते, आणि तेवढं पुष्कळ झालं. मानेचं दुखणं किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्याने मात्र पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. एक स्नेही मला दर भेटीत विचारतात, ‘किती दिवस त्या गोळ्या खाणार?’ जणू मी हप्त्याने फ्रीज घेतला आहे. चष्म्याला कुणी असं विचारत नाही. माझ्या हाशिमोतोने उजाड केलेल्या ग्रंथीला जे बनवता येत नाही, ते मी बाहेरून आणते, एवढाच हा व्यवहार. आणि तो बहुधा जन्मभराचा आहे.

या सगळ्यात मला सारखी आठवते ती आमची अक्काआत्या. वाईच्या जुन्या घरात ती ऐन वैशाखात लोकरीचं जाकीट घालून बसे. तिचा आवाज इतका घोगरा होता की शेजारच्या वकिलांच्या फोनवर ती बोलू लागली की पलीकडचा माणूस ‘नमस्कार काका’ म्हणे. ती ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नसे, काकांच्या वतीनेच निरोप घेई. तिच्या भुवया बाहेरच्या टोकाकडे विरळ होत होत मध्येच संपत. हळदीकुंकवाला जायचं असलं की ती आरशापुढे बसून काजळाने उरलेल्या भुवया काढी. घरात तिला सुस्त म्हणत. ‘जरा हालचाल कर, म्हणजे अंग हलकं होईल,’ असा सगळ्यांचा तिला एकमुखी उपदेश, आणि तो तिच्या मागे लागून माडीचा जिना दिवसातून किती तरी वेळा चढायला लावी.

जिना लांब, मधल्या वळणावर छोटी खिडकी. त्या खिडकीत तिने कापसाचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. चढताना ती तिथे बसायची आणि फुलवाती वळायची. उतरताना पुन्हा बसायची, पुन्हा वळायची. बसलेल्या बाईला कुणीही उठवू शकतं, पण देवाच्या वाती वळणाऱ्या बाईला उठवण्याची कुणाची छाती होणार? चढ, थांब, श्वास घे, मग पुढचा चढ: हल्ली या पद्धतीला मोठमोठी नावं आहेत आणि ती शिकवायला शिक्षक पैसे घेतात. अक्काआत्याने ती एका डब्याच्या आधाराने स्वतःपुरती शोधून काढली होती आणि तिच्यावर धर्माचं पांघरूण घातलं होतं. तिने वळून ठेवलेल्या वाती ती गेल्यानंतरही आमच्या देवघरात बरीच वर्षं पुरल्या. सुस्त बाईची ही शिल्लक.

आम्हा मुलांना मात्र ती फार प्रिय होती. घाटावर जाताना सगळी मोठी माणसं झपाझप पुढे निघून जात आणि आम्हाला त्यांना गाठायला धावावं लागे. अक्काआत्याबरोबर धावावं लागत नसे. तिची चाल आमच्या पायांच्या मापाची होती. वाटेतली मांजरं, वडाखालचा न्हावी, कृष्णेच्या पाण्यात उलटं दिसणारं देऊळ हे सगळं तिच्यामुळे आम्हाला नीट पाहायला मिळालं. मी काही डॉक्टर नाही, आणि गेलेल्या माणसाची नाडी कुणाला पाहता येत नाही. पण ते जाकीट, तो आवाज, त्या अर्ध्या भुवया आणि तो कापसाचा डबा मी मनातल्या मनात एका रांगेत मांडते, तेव्हा हातोडीवाल्या डॉक्टरांनी त्या शिकाऊ मुलीला नक्की हाक मारली असती असं वाटतं.

आणि औषध तर तेव्हाही होतं. 1891 मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका 46 वर्षांच्या बाईला टोचला. ती अशीच थिजत, सुजत, मंदावत चालली होती. बाई हिंडू-फिरू लागली आणि पुढे 28 वर्षं जगून 74व्या वर्षी गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेंनी नंतर मांडला. 870 मेंढ्या म्हणजे दिवे घाटातली वाहतूक खोळंबवणारा कळप. एका बाईच्या पावलांत बळ यावं म्हणून एवढा कळप लागला. मग 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी त्या ग्रंथींतलं नेमकं द्रव्य स्फटिकरूपात वेगळं काढलं. सांगतात की त्याआधी प्रयोग चालू असताना त्यांना डुलकी लागली, तेवढ्यात अल्कोहोल उडून गेलं, आणि जाग आली तेव्हा भांड्यात पांढरी साय धरली होती. माणसाला जागं ठेवणाऱ्या द्रव्याचा माग डुलकीत लागावा, याहून न्याय्य ते काय! 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि मेंढ्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. म्हणजे अक्काआत्या वाईच्या जिन्यात वाती वळत होती, तेव्हा गोळीचं शास्त्र चांगलं वयात आलेलं होतं. पण घरचे तिचा स्वभाव पाहत राहिले आणि गळ्याकडे पाहायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या तपासणीत माझा आकडा अगदी मधोमध आला. वरिष्ठ कचेरीची पत्रं थांबली. यांनी कॅलेंडरवर टिकमार्क केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गजर झाला, आणि मला उठायचा सणसणीत कंटाळा आला. त्या क्षणी एक विचित्र पोरकेपण जाणवलं. हा कंटाळा आता कुणाच्या नावावर टाकायची सोय नव्हती. पिट्यूटरी समाधानी, गोळी वेळेवर, हृदय ठीक. हा आळस शुद्ध, बिनभेसळीचा, खास माझा. पण पांघरुणात पडल्या पडल्या त्याच्याशी ओळख करून घेताना एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वीचा तो थकवा कुणाचं ऐकून घेत नसे. तो भिंतीसारखा होता, आणि भिंतीला उपदेश करून उपयोग नसतो. हा आळस ऐकतो. ‘पाचच मिनिटं’ म्हणतो, रुसतो, चहाची लालूच दाखवली की कूस बदलतो, आणि शेवटी चपला घालतो. म्हणजे जिममधल्या त्या मुलाचं वाक्य खोटं नव्हतंच. मनात आणलं की होतं; फक्त मनात आणण्यापुरतं द्रव्य आधी रक्तात असावं लागतं. ते असलं, तर पुढचं शील, संस्कार, निश्चय वगैरे. म्हणून मला वाटतं, कुणाला सुस्त म्हणायचंच झालं तर त्याचा रिपोर्ट हाती आल्यावर म्हणावं, आणि तोही सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून. तोवर त्याच्या चालीने त्याच्याबरोबर थोडं चालायला हरकत नाही. तेवढीच आपल्याही दीडशे मिनिटांत भर.